आनूप देशाची परीक्षा : घोड नदीच्या उगमाकडील हिरड्याची गावे

त्रिफळा चूर्णाची जी पेटी आपल्या दवाखान्यात वा औषधी दुकानात येऊन पडते, तिचा शेवटचा मुक्काम बहुधा भिवंडी तालुक्यातील एखाद्या गोदामात झालेला असतो. कशेळीहून अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर राहिल्यामुळे येथे गोदामांची वस्ती वाढत गेली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. गोदामे मात्र राहिली. आम्ही पूर्णा येथे बसून हा पाठ लिहीत असताना रस्त्यावरून मालमोटारींची रांग सरकत आहे. पेटीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली असते. फळ कोणत्या देशात वाढले, ते कोणी तोडले आणि कोणत्या दिवसांत वाळवले, हे मात्र पेटीवर नसते.

वैद्याला ही उणीव खटकली पाहिजे. चरकाचार्यांनी विमानस्थानात 'देश' या परीक्ष्य विषयाचे दोन अर्थ सांगितले आहेत : भूमी हा एक देश आणि रोगी हा दुसरा. भूमिदेशाची परीक्षा रोग्याच्या ज्ञानासाठी जशी करावयाची, तशीच औषधाच्या ज्ञानासाठीही करावयाची. भावप्रकाशात हरीतकीच्या सात जाती सांगताना त्यांची जन्मस्थानेही दिली आहेत. विजया विंध्याची, जीवंती सौराष्ट्राची. आपण आतुरदेशाची परीक्षा रोज करतो. भूमिदेशाची परीक्षा मात्र आपण घाऊक व्यापाऱ्यावर सोपवून मोकळे झालो आहोत. ती परीक्षा एका प्रत्यक्ष उदाहरणावरून कशी करावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

उदाहरणासाठी निवडलेला देश

पूर्णेहून कल्याणमार्गे मुरबाड गाठावे आणि तेथून पूर्वेकडे पाहावे. समोर सह्याद्रीची उभी भिंत दिसते. त्या भिंतीच्या माथ्यावर पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव आहे. खोपिवलीच्या बाजूने आहुपे घाटाची जुनी पायवाट वर चढते. मोटारीने जावयाचे तर मंचर, घोडेगाव, डिंभे असा मोठा वळसा पडतो. याच माथ्याच्या पूर्व उतारावर घोड नदीचा उगम आहे. ती पुढे भीमेस मिळते. नदीच्या या वरच्या अंगाला लोक आहुपे खोरे म्हणतात. शेजारीच १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य आहे. सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांना स्पर्श करते. शेकरू या राज्यप्राण्याचे ते प्रसिद्ध वसतिस्थान होय.

पर्जन्यवन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ॲमेझॉनचे खोरे येते. तेथे वर्षाच्या बहुतेक सर्व महिन्यांत पाऊस असतो. सह्याद्रीच्या या उत्तर भागात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे जातात. म्हणून येथील सदाहरित व अर्धसदाहरित वन उंचीने बेताचे असते. अंजनी, जांभूळ, पिसा हे त्याचे प्रमुख वृक्ष. उतारांवर हिरडा व बेहडा. मोकळ्या जागी कारवी. ठिकठिकाणी देवराया आहेत आणि त्यांत कोयता न लागलेले जुने वृक्ष टिकून आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील अशा देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला होता.

आता शास्त्रदृष्ट्या हा देश कोणता? चरकाने कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण असे तीन देश सांगितले. दाट वृक्ष, नद्या, शीत वारा व कफवाताचे प्राबल्य ही आनूपाची लक्षणे आहेत. श्रावणात आहुपे खोऱ्यात उभे राहिलेला वैद्य त्यास निःशंकपणे आनूप म्हणेल. तोच वैद्य वैशाखात आला तर गोंधळेल. काळ्या बेसाल्ट पाषाणात पाणी मुरत नाही, उतारावरून ते वाहून जाते. त्यामुळे ज्या गावावर तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याच गावच्या स्त्रिया मे महिन्यात हंडा घेऊन झऱ्याच्या शोधात दूरवर जातात. एकच भूमी चार महिने आनूप आणि दोन-तीन महिने जांगलासारखी असते. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय तेथील माणसाचे जीवन कळत नाही, आणि तेथील हिरडाही कळत नाही.

ग्रामजीवन

खोऱ्यातील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची आहे. काही ठिकाणी कातकरी कुटुंबे आहेत. घराच्या भिंती पूर्वी कारवीच्या कुडाच्या असत व त्या शेणामातीने लिंपल्या जात. आता विटा व पत्रा आला आहे. उतारावर भाताची खाचरे, त्याहून वर नाचणी, वरई व सावा. खाचरे घालण्याचे काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील नसते. दहा-वीस घरांनी आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबावयाचे, या रीतीस येथे 'पडकई' म्हणतात. जून-जुलैत भाताची आवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग सरपण आणि घरांची डागडुजी, आणि उन्हाळ्यात हिरडा, असे येथील वर्षाचे चक्र आहे.

खोऱ्याच्या खालच्या अंगाला घोड नदीवर डिंभे धरण झाले. त्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. विदेशी कापडाची मालमोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत बलिदान करणारे बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव आणि नदीकाठची सपाट जमीन गेली. कालव्यांनी खालच्या तालुक्यांतील शेती भिजली. वरच्या गावांना मात्र उतारावरच सरकावे लागले. सपाट जमीन जितकी कमी, तितके हिरड्याच्या झाडावरचे अवलंबन अधिक, हा येथील हिशेब आहे.

उतारावरच्या वस्तीचा धोका ३० जुलै २०१४ च्या सकाळी सर्व महाराष्ट्राने पाहिला. याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. मुसळधार पाऊस हे तात्कालिक कारण होते. यंत्राने केलेल्या खाचरांचाही त्यात काही वाटा होता काय, यावर पुढे बराच वाद झाला. पावसाळ्यात दरड कोसळून वाट बंद होणे, वीज जाणे, एस.टी. न येणे या गोष्टी येथे नेहमीच्याच आहेत.

रोगांचे चित्र देशाशी जुळणारे आहे. वर्षा ऋतूत अग्निमांद्य, अतिसार, ज्वर व संधिशूल. दिवसभर खाचरात उभे राहिल्याने पायांना चिखल्या. बंद घरातील चुलीच्या धुराने स्त्रियांना कास आणि नेत्रदाह. ग्रीष्मात अपुरे व अशुद्ध पाणी. आणि सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी जाती सह्याद्रीच्या या पट्ट्यात आढळतात. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करतो : सर्पदंशाचा रोगी आपल्यापुढे आला तर दंशस्थानी काप देणे, आवळून बांधणे वा लेप लावीत बसणे यात वेळ दवडू नये. दष्ट अंग हलू न देता रोग्यास प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात ताबडतोब पोचवावे. दूरच्या गावातील वैद्याचे पहिले कर्तव्य तेच आहे.

हिरडा कधी तोडला जातो आणि का

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शास्त्राचा सामान्य नियम असा की बेलफळ वगळता इतर फळे पक्व झाल्यावर अधिक गुणवान असतात. तसेच द्राक्षा, बिल्व व हरीतकी ही फळे शुष्क असता श्रेष्ठ होत. उत्तम हरीतकीची लक्षणे नवी, स्निग्ध, घन, वाटोळी, जड आणि पाण्यात टाकली असता बुडणारी अशी दिली आहेत. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानेही हरीतकी म्हणजे पक्व फळाचा मगज, बी वगळून, असेच धरले आहे. विजातीय द्रव्य १ टक्क्याहून अधिक नसावे, एकूण रक्षा ५ टक्क्यांहून अधिक नसावी, मद्यविलेय अंश ४० टक्क्यांहून व जलविलेय अंश ६० टक्क्यांहून कमी नसावा, असे तिचे मान आहे.

हिरड्याचे फळ पक्व होते ते पावसाळा उलटल्यावर, हिवाळ्यात. परंतु आहुपे खोऱ्यात व लगतच्या जुन्नर, खेड तालुक्यांत तोड होते ती मुख्यत्वे उन्हाळ्यात, फळ कोवळे असताना. हाच बाळहिरडा. माणसे झाडावर चढतात, फांद्या झोडपतात, खाली स्त्रिया व मुले फळे वेचतात. ती कातळावर वा अंगणात पसरून उन्हात काळी पडेपर्यंत वाळवतात.

कोवळ्या फळाची ही घाई अज्ञानातून आलेली नाही. वनवासी, धनगर, गुराखी हे वनस्पतींची नावे व रूपे जाणतात, हे तर चरकानेच सूत्रस्थानाच्या पहिल्या अध्यायात मान्य केले आहे. घाईचे कारण वेगळे आहे. जूनमध्ये वाट बंद होण्यापूर्वी घरात चार महिन्यांचे मीठ, तेल, मिरची, कमी पडणारे धान्य, बियाणे आणि मुलांची वह्या-पुस्तके आणावी लागतात. भात हाती येते ते दिवाळीला, आणि तेही बहुतांशी घरी खाण्यापुरते. मे महिन्यात रोख पैसा देणारी वस्तू एकच, ती म्हणजे बाळहिरडा.

भावही त्याच दिशेला ढकलतो. केंद्र शासनाने २०१३-१४ पासून गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किंमत लागू केली. त्या यादीत हिरडा आरंभापासून आहे, परंतु २०२० च्या सुधारित यादीतही त्याची किंमत किलोला १५ रुपयेच होती. बाळहिरड्याला मात्र व्यापाऱ्यांनी किलोमागे शंभर रुपयांहून अधिक भाव दिल्याची वर्षे आहेत. अशा स्थितीत पक्व फळासाठी हिवाळ्यापर्यंत थांबा, हा उपदेश आम्ही कोणत्या तोंडाने करावा?

या व्यवस्थेचे तीन परिणाम आपल्या खलबत्त्यापर्यंत पोचतात. पहिला, पक्व फळाची आवक कमी राहते आणि त्रिफळ्यात कोवळे फळ मिसळण्याचा मोह वाढतो. बाळहिरड्याचे स्वतःचे उपयोग आहेतच. एरंडतेलात भाजून मृदू अनुलोमनासाठी व बालकांच्या गुटीत तो परंपरेने वापरला जातो. परंतु तो पक्व हरीतकीचा पर्याय नव्हे. दुसरा, मे महिन्यात वळवाची सर आली की अर्धवट वाळलेला माल घाईने पोत्यात भरला जातो. त्यावर आपल्या खाडीकाठची दमट हवा लागली की बुरशी धरते. आमच्या एका सभासदाकडे आलेल्या पोत्यांचे तोंड उघडताच पांढुरकी बुरशी दिसली आणि सर्व माल टाकून द्यावा लागला. तिसरा परिणाम सर्वांत दूरगामी. झाडावरचे प्रत्येक फळ कोवळेपणीच उतरवले तर बी तयार होत नाही आणि नवे झाड उगवत नाही. आज आपण वापरतो तो हिरडा आजोबांच्या काळातील वृक्षांचा आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि सह्याद्री ओलांडून या तालुक्यांवरून गेले. हिरड्याचे फार नुकसान झाले. झाडावरचे वनोपज हे शेतातील पीक नव्हे, या कारणास्तव भरपाईचा प्रश्न अडला आणि त्यासाठी आदिवासींना पुढे कित्येक वर्षे मोर्चे व उपोषणे करावी लागली. त्या वर्षी व्याधिप्रतिकारासाठी औषधांची मागणी वाढली होती. आपल्या दुकानांत गर्दी होती आणि हिरडा देणाऱ्या घरांत पावसाळ्याची बेगमी नव्हती.

जगातील एक दाखला

ॲमेझॉनच्या नदीकाठच्या गावांतील संकलक जंगलातून ब्राझील नट गोळा करतात. त्यांचाही मोसम पावसाचा. ओलसर कवचात बुरशी धरून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. २००३ साली युरोपीय समुदायाने ब्राझीलच्या कवचासहित नटांवर कडक अटी घातल्या आणि त्याचा मोठा फटका व्यापारास बसला. वाळवणीची कोरडी जागा व योग्य साठवण संकलकाच्या गावातच हवी, बंदरावरची तपासणी दोष फक्त दाखवून देते, हा त्यातील धडा. त्याच देशात रबरसंकलकांचे नेते शिको मेंदेस यांची २२ डिसेंबर १९८८ रोजी हत्या झाली. त्यानंतर १९९० पासून तेथे संकलकांचा हक्क मानणारी राखीव वने स्थापन होऊ लागली.

आपल्याकडेही मार्ग दिसला आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर परिसरात महादेव कोळी संकलकांबरोबर काम केले. तेथील बेहडा व हिरडा यांना 'फेअरवाइल्ड' हे प्रमाणन मिळाले आणि इंग्लंडच्या पुक्का कंपनीने तो माल घेतला. पक्व फळ गोळा करणे, काही फळे झाडाखाली राहू देणे, स्वच्छ वाळवण आणि ठरलेला वाढीव भाव अशी ती पद्धत आहे. बेहड्याच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. फळाला भाव मिळू लागल्यावर सरपणासाठी वा लाकडासाठी ते वृक्ष तोडण्याचे कारण उरले नाही. त्रिफळ्यातील दोन द्रव्यांची खरी किंमत परदेशी चहा-औषधांच्या व्यापाऱ्याने आधी ओळखावी, ही आपल्याला विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

कायद्याची बाजू

औषधनिर्मात्या सभासदांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासी समाजाचा स्वामित्वहक्क मान्य केला आहे. म्हणून सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेकडून थेट खरेदी करता येते. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. देशी औषध कंपन्यांनाही लाभवाटप लागू होते, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २१ डिसेंबर २०१८ रोजी दिला. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना व संहिताबद्ध परंपरागत ज्ञानाच्या वापरास सवलत दिली. ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. कायद्याने देणे माफ केले असेल. आपले कर्तव्य मात्र त्यामुळे संपत नाही, असे आमचे मत आहे.

आपण काय करावे

१. खरेदीच्या नोंदीत हिरड्याचा तालुका, तोडीचा महिना आणि पक्व की बाळ हे तीन रकाने घालावेत. शेड्यूल टी अन्वये कच्च्या मालाची नोंद ठेवावीच लागते. तिच्यातच ही भर घालावी. पुरवठादारास हे तीन प्रश्न सर्वांनी विचारले तर तो उत्तर शोधू लागेल.

२. बाळहिरडा व पक्व हिरडा यांचे भाव, साठा व उपयोग वेगळे ठेवावेत. त्रिफळ्यासाठी पक्वच घ्यावा.

३. दहा-बारा लहान औषधशाळांनी एकत्र येऊन एखाद्या ग्रामसभेशी वा संकलकांच्या गटाशी हिवाळी खरेदीचा करार करावा आणि त्यातील काही रक्कम मे महिन्यातच आगाऊ द्यावी. कोवळे फळ झाडावर राहावे असे वाटत असेल तर पावसाळ्याची बेगमी आधी झाली पाहिजे. या पाठातील हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे.

४. वाळवणीसाठी ताडपत्री, उंच मचाण व छप्पर यांचा खर्च खरेदीदारांनी वाटून घ्यावा. टाकून दिलेल्या एका बुरशीच्या मालाच्या किमतीपेक्षा तो अधिक होणार नाही.

५. माल आल्यावर पोत्याच्या तोंडचा नव्हे तर मधला नमुना घ्यावा. फळ फोडून मगज पाहावा, वास घ्यावा, ओलावा मोजावा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत.

६. ज्या वैद्यांना शक्य आहे त्यांनी वर्षातून दोनदा, एकदा वैशाखात व एकदा मार्गशीर्षात, अशा एखाद्या गावी जावे. जाताना औषधे न्यावीत आणि येताना वनस्पतींची नावे आणावीत.

एका खेपेस आहुपे खोऱ्यात अंगणात हिरडा हलवीत बसलेल्या आजीबाईंनी आम्हाला विचारले होते, "तुम्ही याचं करता काय?" आम्ही त्रिफळ्याची सगळी माहिती सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पिकलेला पायजे व्हय तुम्हांस्नी? मग कधी कुणी मागितला न्हाई तो!"

त्यांच्या या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. येत्या हिवाळ्यात आपल्या सभासदांपैकी निदान काहींनी तो मागावा, अशी विनंती करून हा पाठ पूर्ण करतो.